ओढ्याच्या तोंडावरची अयोध्याबाई

भोकरच्या बाजारात मासे विकणाऱ्या बायका पंधरा-वीस तरी असतील, पण गिऱ्हाईक आधी अयोध्याबाईच्या पाटीपाशी थांबतं. ती ओरडून बोलावत नाही. समोर उभ्या राहिलेल्या माणसाचं तोंड बघते आणि विचारते, "घरी कोन आजारी हाय का? का पावने आलेत?" आजारी असेल तर एक मासा, पाहुणे असतील तर दुसरा. कल्ला उघडून दाखवल्याशिवाय ती मासा तोलत नाही. कालचा उरलेला असला तर स्वतःच सांगते, "ह्यो कालचा हाय बाबा, मांजरासाठी पाहिजे असंल तर ने." शेजारच्या बायका कपाळावर हात मारतात. धंदा असा करतात का? पण तिची पाटी सगळ्यांच्या आधी रिकामी होते, हेही त्यांना दिसतं.

बाजार उरकला की ती जीपनं तलावापर्यंत येते आणि तिथून होडीनं घरी जाते, कारण तिचं घर बेटावर आहे. चाळीसेक वर्षांमागं धरणाचं पाणी चढलं तेव्हा जुनं गाव उठून वरच्या माळावर गेलं. भोयांची अकरा घरं तेवढी मधल्या टेकाडावर राहिली. ज्यांचं काम पाण्यात त्यांनी माळावर जाऊन काय करायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पाणी भरलेलं असलं की चारी बाजूंनी तलाव. उन्हाळ्यात एका अंगानं चिखल तुडवत काठाला जाता येतं. मारुतीचं देऊळ, एक हातपंप, अकरा घरं आणि भिंतींवर वाळत घातलेली जाळी, एवढंच बेट.

अयोध्याबाई इथं लग्न होऊन आली ती इस्लापूरहून. तिचे वडील सहस्रकुंडाच्या धबधब्याखालच्या डोहात मासे धरायचे. मुलगा नव्हता म्हणून ते लेकीलाच बरोबर न्यायचे आणि तिला पाणी वाचायला शिकवायचे. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं नवऱ्याला, भीमाला, सांगितलं होतं, "आवो, तुमी जाळं टाकून राहिले त्या जागी मासाच न्हाई. तिकडं बुडबुडे बघा." भीमा मुळात कमी बोलणारा. त्यानं बायकोकडं बघितलं, बुडबुड्यांकडं बघितलं आणि होडी वळवली. त्या दिवशी मिळालेल्या मरळीचं कालवण अकराही घरांत गेलं. तेव्हापासून भीमा जाळं टाकण्याआधी एकदा बायकोकडं बघतो. लोक हसतात, त्याला त्याचं काही वाटत नाही.

मरळ हा तिचा जिवाचा मासा. काळपट, लांबडा, सापासारख्या डोक्याचा, काटे कमी आणि अंगाला लागणारा. बाळंतिणीला, ऑपरेशन झालेल्या माणसाला लोक मरळ शोधत येतात. पण गेल्या काही वर्षांत तिच्या पाटीतली मरळ कमी होत होत बंदच झाली. उरली ती चिलापी, बाहेरून येऊन तलावभर माजलेला मासा. जाळं कुठंही टाका, चिलापीच. मच्छीमारांची संस्था दरवर्षी कटला-रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, तलावात सोडायची, तीही मोठी व्हायच्या आत कुठं जायची कळत नव्हतं. बेटावर कोणी म्हणायचं पाणी बिघडलं, कोणी म्हणायचं पाणकावळे वाढले. अयोध्याबाईही तसंच म्हणायची.

तीन वर्षांमागं वैशाखात बुद्धप्रिया तिच्या पाटीसमोर येऊन उभी राहिली. ती भोकरच्या दवाखान्यात नर्स आहे. अयोध्याबाईचं जुनं गिऱ्हाईक.

"मावशी, आईचं पोटाचं ऑपरेशन झालंय. तिनं एकच मागितलंय, तुमच्या हातची मरळ. मिळंल ना?"

"हाव. न मिळायला काय झालं? पुढच्या बाजारी आनते."

पुढच्या बाजारी मरळ नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. भीमानं सगळा तलाव पालथा घातला. तिसऱ्या बाजारी बुद्धप्रिया लांबून येताना दिसली आणि अयोध्याबाईनं पदर तोंडावर ओढून मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा ती गिऱ्हाइकापासून तोंड लपवत होती. बुद्धप्रियानं ते ओळखलं. ती जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "असू द्या मावशी, चिलापी द्या. तुम्ही जिवाला नका लावून घेऊ." हे गोड बोलणं अयोध्याबाईला शिवीपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थर्माकोलचा तराफा घेऊन एकटीच निघाली. थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवलेले, वर मांडी घालून बसायचं, दोन्ही हातांत फळीचे तुकडे घेऊन पाणी मागं ढकलायचं. बेटावरच्या बायाबापड्या अशाच फिरतात. ती गेली ओढ्याच्या तोंडाशी, जिथं ओढा तलावाला मिळतो. ती नवी नवरी होती तेव्हा तिथं लव्हाळं आणि पानकणसं एवढी दाट होती की होडी शिरायची नाही. मरळीची जोडी त्या गवतात गोल जागा साफ करून अंडी घालायची. बाजार आणि घर यांच्या रगाड्यात तिचं तिकडं जाणंच सुटलं होतं.

आता तिथं गवत नव्हतं. पाणी ओसरलं की काठचे शेतकरी उघड्या पडलेल्या गाळात गाळपेर करतात. त्यांनी लव्हाळं जाळून पाण्यापर्यंत रान मोकळं केलं होतं. जे थोडं शिल्लक होतं त्याच्या पुढ्यात, या काठापासून त्या काठापर्यंत, एक जाळं आडवं लावलेलं होतं. हिरवं, मच्छरदाणीचं.

तिनं जाळ्याची कड उचलली. आत बोटाच्या पेराएवढी पिलं. कटल्याची, रोहूची, झिंग्यांची, कशाकशाची. सगळी चिकटून मेलेली. वाळवून चटणीसाठी विकायला जाणारी. तिनं जाळं आणखी वर घेतलं आणि तिचा हात थांबला. कडेची शिवण दुहेरी होती, दर वितीला एक गाठ मारलेली. अशी गाठ बेटावर दुसरं कोणी मारत नव्हतं.

ते जाळं तिनंच शिवलं होतं. भीमाचा चुलतभाऊ हनुमंत, त्याची जुनी जाळी पुरात वाहून गेली तेव्हा नांदेडहून मच्छरदाणीचं कापड घेऊन आला होता. "वैनी, तुमच्यासारखी शिवन कुनाची न्हाई," म्हणाला होता. तिनं दोन दिवस बसून हौसेनं शिवून दिलं होतं. त्याचं बघून बाकीच्यांनी आणली. त्यातलीही चार तिनंच शिवली होती.

घरी येऊन तिनं चूल पेटवलीच नाही. भीमा म्हणाला, "काय झालं? चूल काऊन थंड?"

"मरळ कुठं गेली ते सापडलं," ती म्हणाली. "म्याच शिवून दिलं तिचं मरान."

मारुतीच्या ओट्यावर अकरा घरांची माणसं तिनं बोलावली. कोणाला वाटलं, हनुमंताची आता धडगत नाही. पण तिनं सुरुवात स्वतःपासून केली. पाच जाळी आपण शिवली, हे तिनं आधी सांगितलं. मग म्हणाली, "मिरगापासून पोळ्यापर्यंत ओढ्याच्या तोंडाशी कोनी जायचं न्हाई. आन मच्छरदानीची जाळी पाण्याबाहेर काढायची. माजा बाप सांगायचा, ज्याच्या मागं लेकरं हायेत त्याला धरायचं न्हाई. मला म्हाईत होतं. म्या इसरले."

हनुमंत उठून उभा राहिला. "वैनी, तुमची पाटी भरती म्हनून तुमी बोलून राहिल्या. आमी तीन महिने काय खायचं? बारीक मासा धरला न्हाई तर घरात काय शिजायचं?"

"भावजी, तलाव लई मोठा हाय. म्या फक्त एक कोपरा मागून राहिले."

"एक कोपरा मागायचा आन मग सगळा तलाव," असं म्हणून तो निघून गेला. तिचं धरून आठ घरांनी मान डोलावली. दोन घरांनी बघू म्हटलं.

काठच्या गाळपेर करणाऱ्यांमध्ये अर्जुनराव म्हातारे आणि मानाचे. अयोध्याबाई त्यांच्या बांधावर जाऊन बसली. लव्हाळं जाळू नका, असं ती म्हणाली नाही. "मामा, पाण्याच्या कडंनं धा पावलं गवत राहू द्या," एवढंच म्हणाली. अर्जुनरावांनी बराच वेळ तंबाखू मळली. "धा न्हाई, सात," ते म्हणाले. "आन डुकरं लपली गवतात तर तुजा भीमा येईल राखनीला." ती हो म्हणाली. भीमाला ते ती घरी गेल्यावर कळलं.

पाऊस लागला, तलाव चढायला लागला, ओढ्याच्या तोंडाशी कोवळं लव्हाळं वर आलं. अयोध्याबाई बाजाराचा दिवस सोडून रोज सकाळी भाकर बांधून तराफ्यावर जाऊन बसू लागली. डोक्यावर इरलं, मांडीवर शिवायला एखादं फाटकं जाळं. लोक म्हणाले, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. भीमा दुपारी होडीनं तिच्यासाठी चहा घेऊन जायचा. चहा संपेपर्यंत थांबायचा.

आषाढ सरता सरता एका सकाळी हनुमंत हिरवं जाळं खांद्यावर टाकून आपल्या तराफ्यावर आला. दोन्ही तराफे समोरासमोर आले.

"सरका वैनी. आज म्या जाळं लावनार."

"लावा. पन आदी माज्या अंगावरून घाला."

"बाईमानसाशी भांडायला लावू नका मला."

"म्या कुठं भांडून राहिले? म्या तर बसलेय."

हनुमंत चिडून पुढं सरकला आणि तेवढ्यात त्याच्या तराफ्यापुढचं पाणी उकळल्यासारखं फुटायला लागलं. लालभडक पिलांचा एक मोठा पुंजका श्वास घ्यायला वर आला होता. शेकडो पिलं, सगळी एकदम वर, सगळी एकदम खाली. ती मरळीची पिलं होती. हनुमंतानं नकळत हात पाण्यात घातला. खालून काहीतरी काळं झेपावलं आणि त्याच्या बोटांवर असा दणका बसला की तराफा कलला आणि तो कमरेपर्यंत पाण्यात गेला.

"आई गं!" तो ओरडला. बोटातून रक्त येत होतं.

"बाप हाय तो," अयोध्याबाई म्हणाली. "लेकरांजवळ हात नेला तुमी. दुसरं काय करंल?"

हनुमंत कसाबसा तराफ्यावर चढला. बोट तोंडात धरून तो पुंजक्याकडं बघत राहिला. पिलं परत वर आली. त्यांच्या खाली ती काळी सावली सावकाश गोल फिरत होती.

"केवढ्यानं मारलं वो मला," तो म्हणाला, आणि स्वतःच हसायला लागला. अयोध्याबाईलाही हसू आवरेना. दोघं दीर-भावजय भर पाण्यात पोट धरून हसली. मग तो जाळं घेऊन परत गेला. त्यानं ते लगेच टाकून दिलं असं नाही. त्या वर्षी त्यानं पलीकडच्या काठाला दोन-चारदा लावलं, तिला ते दिसलंही. तिनं ते चालवून घेतलं. श्रावणात एक दिवस तो बायकोला तराफ्यावर बसवून पिलं दाखवायला घेऊन आला. पुढच्या वर्षी मिरगाच्या आधी त्यानं ते हिरवं कापड गोठ्याला बांधलं, जनावरांना डास चावू नयेत म्हणून, आणि तिच्याकडून मोठ्या आसाचं, बारीक पिलं निसटून जातील असं जाळं शिवून घेतलं.

त्या दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात भीमाला सव्वा किलोची मरळ मिळाली. अयोध्याबाईनं ती बाजारात नेलीच नाही, ओल्या पोत्यात गुंडाळून थेट बुद्धप्रियाच्या घरी गेली. दार तिच्या आईनंच उघडलं. म्हातारी केव्हाच बरी झाली होती, हातात केरसुणी होती. "उशीर झाला माय," अयोध्याबाई म्हणाली. म्हातारीनं तिला आत ओढलं आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही.

तलाव पूर्वीसारखा झाला म्हणावं तर तसं नाही. चिलापी अजून आहे, ती जायची नाही. गेल्या साली पाऊस कमी झाला, ओढा उशिरा वाहिला आणि बेटावरच्या दोन घरांनी पोळ्याची वाट न बघता जाळी टाकली. अयोध्याबाईचं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं. अर्जुनरावांच्या सात पावलांची कधी पाच होतात, मग ती परत बांधावर जाऊन बसते. पण महिन्यातून दोन-तीनदा पाटीत मरळ असते आणि कटला तळहातापेक्षा मोठा मिळतो.

यंदा पाऊस लागल्यावर किनवटकडच्या एका तलावावरची भोई मंडळी तिला न्यायला आली. तुम्ही काय केलं ते आमच्या लोकांना सांगा, म्हणाली. परक्या तलावावर ती पहिल्यांदाच जात होती. घाटात जीप दोनदा थांबवून तिला उलट्या झाल्या, तरी ती गेली. तिथं शंभरेक माणसं जमली होती, खुर्ची मांडली होती, कोणीतरी हार आणला होता. ती खुर्चीवर बसलीच नाही. "सांगते मागून," म्हणाली, चपला हातात घेतल्या आणि काठाकाठानं चालायला लागली. शंभर माणसं तिच्या मागं. एका जागी लव्हाळं दाट होतं आणि त्याच्या मधल्या गोल, साफ केलेल्या पाण्यावर बुडबुडे फुटत होते. तिथं ती उकिडवी बसली, ओठांवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना खाली बसायची खूण केली.