अण्णांच्या मरळीचं वजन

बेंगळूरच्या त्या तळ्यातून मी काढलेले मासे शेपटीला शेपूट लावून मांडले असते, तर रांग देवनहळ्ळीच्या किल्ल्याला वळसा घालून परत आली असती. एक कटला तर असा होता की तो काठावर घेतला आणि तळ्याचं पाणी वीतभर खाली गेलं. हे मी आजही सांगतो आणि लोक आजही हसतात. पण त्याच तळ्याची एक गोष्ट मी सहसा सांगत नाही. तिच्यात मला काही वाढवता येत नाही.

एकोणीसशे साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढत असे. रेघ केसाएवढी सरकली तरी साहेब कागद तोंडावर फेकायचा. सहा दिवस इतकं खरं वागल्यावर माणसाला रविवार लागतोच. माझा रविवार शहराच्या कडेला असलेल्या त्या तळ्यावर जायचा.

आम्ही पाच जण होतो. त्यातले दोघे फारसे बोलायचेच नाहीत. बोलणारा होता बेळगावकडचा एक कंपौंडर, जिभेचा तिखट, आणि सगळ्यांत वडील म्हणजे अण्णा. अण्णा कापडगिरणीतून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपासून बेंगळुरातलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत दर चार शब्दांनी एक कन्नड शब्द पाय ठेवून जायचा. बायको गेलेली. मुलाच्या संसारात दोन खोल्यांत राहायचे. डावा गुडघा असा धरला होता की सायकल सुटली होती. घरापासून तळं चालत दहा मिनिटांवर, अण्णांना अर्धा तास लागायचा. तरी आम्ही पोचायच्या आधी ते बांधावरच्या चपट्या दगडावर बसलेले असायचे, शेजारी ओल्या फडक्यात नाचणीच्या पिठाच्या गोळ्या.

"घरात मी बसलो की सुनेला झाडायला येत नाही बघ," ते म्हणायचे. "इथं मला कुणी ऊठ म्हणत नाही."

उन्हं तापली की आम्ही बांधाखालच्या टपरीवर चहा घ्यायचो आणि मी वही उघडायचो. तो आमचा रिवाज होता. ज्याने त्याने आपला मासा सांगायचा, मी तारीख घालून लिहायचा, आणि कुणी शंका काढायची नाही. कंपौंडर बोटाएवढी मासोळी आणून "लिहा, अकरा पौंड" म्हणायचा, मी बारा लिहायचो. एकटे अण्णा खरं सांगायचे. त्यांच्याकडे पितळी तोंडाचा स्प्रिंगचा काटा होता. मासा अडकवायचे, काटा डोळ्यांसमोर धरायचे, थरथर थांबेपर्यंत श्वाससुद्धा घ्यायचे नाहीत, आणि सांगायचे, "मरळ एक. दीड पौंड. जास्त नाही."

मी "दीड पौंड" असं मोठ्याने म्हणायचो आणि लिहायचो साडेपंधरा. पानावर सगळे देवमासे आणि मध्येच ही दीड पौंडाची मरळ, पानाची शोभा जायची ना! अण्णा वही कधी बघायला मागायचे नाहीत. मी बोललो तेच लिहिलं, असं ते धरून चालायचे.

एका रविवारी अण्णा दिल्लीचं पत्र घेऊन आले. गळ टाकणाऱ्यांची एक अखिल भारतीय संघटना होती, तिने जागोजागच्या गळवाल्यांना पत्रं धाडली होती. आमच्याकडचं आमिषं विकणाऱ्या दुकानदाराने अण्णांच्या हातात दिलं. पत्र इंग्रजीत, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. दरवर्षी वर्गणी भरा, सभासद व्हा, तळी-नद्यांच्या बाबतीत सरकारदरबारी तुमच्या वतीने आम्ही बोलू, असा सगळा मजकूर.

"भरू या," अण्णा म्हणाले. "फार नाही ते."

"अण्णा, आपल्या वतीने बोलायला मी कमी पडतो का?" मी म्हटलं.

"तू बोलतोस रे. ऐकतो कोण?"

"हे दिल्लीवाले म्हणजे डोंगरातल्या थंड नद्यांत विलायती रीळ फिरवणारे साहेबलोक. तुमच्या नाचणीच्या गोळीला ते काय समजणार? उद्या म्हणतील, गळ टाकण्याआधी तीन प्रतींत अर्ज करा. मासाही म्हणेल, पावती दाखव, मग लागतो."

टपरीवाल्यासकट सगळे हसले. कंपौंडरला चहाचा ठसका लागला. मला हशा मिळाला की मी थांबणारा नव्हे. उभा राहून दिल्लीतल्या साहेबाची नक्कल केली, चष्मा नाकावर, बंद छत्रीचा गळ.

अण्णा हसणं संपेपर्यंत थांबले. "स्वल्प ऐक की," ते म्हणाले. "उद्या काही झालं आणि आपण पाच जण कचेरीत गेलो, तर शिपाई विचारणार, कोण तुम्ही? काय सांगायचं? मासे धरतो म्हणून?"

"सांगायचं, माशांचे जावई!" मी म्हटलं, आणि विषय तिथेच बुडाला. अण्णांनी पत्राची घडी घालून टोपीत ठेवली.

पुढल्या वर्षी बांधावर मोजणीच्या साखळ्या घेऊन माणसं आली आणि त्यांनी खुंट्या ठोकल्या. तळं बुजवून तिथं वसाहतीसाठी प्लॉट पाडायचे ठरले होते. आम्ही चौघे रजा टाकून अण्णांबरोबर कचेरीत गेलो. दारातल्या शिपायाने आम्हांला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोण तुम्ही?"

मी, बोलणारा मी, अण्णांच्या मागे सरकलो. अण्णाच म्हणाले, "मासे धरतो आम्ही. त्या केरेवर." केरे म्हणजे तळं.

आत साहेबाने फाइल उघडून दाखवली. "मेलेलं तळं आहे ते. मासे नाहीत, डास आहेत. अहवालातच लिहिलंय."

"आहेत की मासे," अण्णा म्हणाले. "आमच्याकडे वही आहे. वजनासकट."

"मग एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेकडून पाठवा. असं कुणीही येऊन सांगेल."

त्याच आठवड्यात अण्णांनी पाचही जणांची वर्गणी स्वतः मनिऑर्डरने भरली आणि कंपौंडरकडून दिल्लीला पत्र लिहवून घेतलं. उत्तर आलं, ते मी अपेक्षिलं त्याहून लवकर आणि चांगलं. सोबत सभासदत्वाची पाच कार्डं. तळं जिवंत आहे हे दाखवणाऱ्या नोंदी पाठवा, अधिकाऱ्यांपुढे आम्ही मांडू, असं लिहिलं होतं.

"वही दे," अण्णा म्हणाले. "बाकीच्यांचं जाऊ दे, थट्टेचंच असतं ते. पण माझी वजनं आहेत ना, तोललेली. सगळ्या वर्षांची. तेवढी पुरे."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "सरी अण्णा, ठीक आहे, मीच टाकतो पोस्टात." घरी नेऊन वही चाळली. अण्णांचा एकही मासा मी त्याच्या वजनाचा ठेवला नव्हता. खरा आकडा आठवून नवी वही करावी म्हटलं, तर मला एकही आठवेना. इतकी वर्षं ऐकले, पण कान दिलाच नव्हता. शेवटी मनाची समजूत घातली, दिल्लीत मराठी वही कोण वाचत बसतंय, जाडी बघतील आणि पुढे ठेवतील. दिल्लीत हिंदी चालते आणि देवनागरी आकडे तिथं पहिलीतलं पोरही वाचतं, हे मला, आराखडे काढणाऱ्या माणसाला, सुचलं नाही.

महिन्याभराने वही परत आली, सोबत एक चिठ्ठी. अण्णा पाकीट न फोडता माझ्याकडे घेऊन आले.

"काय म्हणतात?"

मी चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हटलं, "म्हणतात, शक्य तेवढं करू. पण सरकार हट्टाला पेटलंय."

"हौदा?" अण्णा म्हणाले. खरं का, असं विचारताना ते नेहमी हाच शब्द वापरायचे. मी मान हलवली.

उन्हाळ्यात बांध फोडला. पाणी दोन दिवस वाहिलं आणि तिसऱ्या दिवशी तळात मासेच मासे तडफडत होते. आजूबाजूच्या वस्तीतली माणसं टोपल्या घेऊन चिखलात उतरली. मरळी, कटले, काय नि काय. मेलेलं म्हणे तळं! या दृश्यात मी आजवर एक मासा वाढवलेला नाही, गरजच नव्हती.

अण्णा आपल्या दगडावर बसले होते. कुणीतरी त्यांच्या पायाशी एक मरळ टाकली. त्यांनी ती काट्याला अडकवली आणि थरथर थांबायची वाट पाहिली.

"लिही," म्हणाले. "सव्वातीन पौंड."

मी वही उघडली आणि कोरं पान शोधत राहिलो. वहीत पेन टेकेना, तेव्हा त्यांनी वही हातात घेतली. म्हटलं ना, कधी बघायचे नाहीत. त्या दिवशी चष्मा लावून त्यांनी मागची पानं उलटली. एक पान, दुसरं, मग पुष्कळ पानं एकदम. एका ओळीवर बोट ठेवून थांबले.

"ही माझी मरळ?"

मी पेनाचं टोपण लावलं.

"ती चिठ्ठी आहे काय तुझ्याजवळ?"

चिठ्ठी वहीच्या पुठ्ठ्यातच होती.

"परत एकदा वाच की. आता जे लिहिलंय ते."

मी वाचलं. नोंदींतली वजनं अशक्य असल्यामुळे त्या अधिकाऱ्यांपुढे मांडता येत नाहीत. तोललेल्या, खऱ्या नोंदी असतील तर कृपया त्वरित पाठवाव्यात. आम्ही वाट पाहू.

"वाट पाहू म्हणाले," अण्णा पुटपुटले. मग मरळ काट्यावरून सोडवली आणि उरल्या चिखलाच्या पाण्यात हळूच ठेवली. ती कुणीतरी लगेच उचलली. माझ्यावर त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी ते सांगताना चांगलं रंगवलं असतं.

आम्ही बाकीचे चौघे आनेकलच्या बसने तिकडच्या तळ्यांवर जायला लागलो. अण्णांचा गुडघा बसच्या पायरीला तयार नव्हता. ते दारातल्या जिन्यावर बसायचे, आणि सून झाडायला आली की उठायचे. दिल्लीची वर्गणी मी भरत राहिलो, त्यांचीही. पटलं म्हणून म्हणा किंवा दुसरं काही सुचलं नाही म्हणून. दरवर्षी त्यांचं कार्ड नेऊन द्यायचो, ते टोपीत ठेवायचे.

एका रविवारी आनेकलकडून येताना त्यांच्यासाठी मरळ घेऊन गेलो. जिन्यावर बसले होते. मासा पाहून चेहरा उजळला.

"किती?"

"दोन पौंडाला थोडी कमी," मी म्हटलं. "तोललीय अण्णा. दुकानात, दोनदा."

अण्णांनी मान हलवली. मग भिंतीला धरून, गुडघा सांभाळत उठले, आत गेले आणि पितळी काटा घेऊन बाहेर आले.