राज्य नेहमी तिच्यावरच

मावला गावातल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी पोरं लपाछपी खेळतात. आमची लेक तेव्हा तिसरीत होती. खेळून आली की हातपाय धुताना हसत सांगायची, "आई, आजपण माझ्यावरच राज्य होतं." मी भीमपूरच्या शाळेत शिकवते. दिवसभर पोरांची भांडणं सोडवून घरी आल्यावर आपली पोर हसतेय, एवढ्यानं मला बरं वाटायचं.

मग खेळायच्या वेळी तिचं पोट दुखू लागलं. बाहेरचा गलका थांबला की दुखणंही थांबायचं, आणि भजी व्यवस्थित खाल्ली जायची.

एका रविवारी मी पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले. कोपऱ्यावरच्या घरातली सहावीतली मुलगी सगळ्यांत मोठी, म्हणून गाणं म्हणत बोटानं मोजायचं काम तिचं. राज्य दुसऱ्या कुणावर येतंय असं दिसलं की ती शेवटी एक शब्द वाढवायची, आणि बोट आमच्या लेकीवर थांबायचं. लेकीनं कुणाला शोधलं, तर "तू डोळे उघडले होते" म्हणून पुन्हा तिच्यावरच राज्य. सगळे हसायचे. लेकही हसायची, पण आधी सगळ्यांच्या तोंडाकडे बघून, मग. भांडण मला लांबून ओळखू येतं. हे भांडण नव्हतं, म्हणून इतके दिवस दिसलंच नव्हतं.

जेवताना मी विचारलं, "तुला आवडते का राज्य?"

"नाही. पण नाही म्हटलं तर खेळायला घेत नाहीत."

तिचे बाबा लगेच कोपऱ्यावरच्या घरी निघाले. लेकीनं त्यांचा हात धरला. "भांडू नका. आई, तू खेळायला ये."

दुसऱ्या दिवशी ओढणी कमरेला बांधून मी गेले. बायका फाटकाशी येऊन बघू लागल्या. मी म्हटलं, "आज मी मोजते." राज्य त्या मोठ्या मुलीवर आलं.

"आंटी, मी मोठी आहे. माझ्यावर नसते राज्य."

"मी तर तुझ्याहून मोठी. माझ्यावर येऊ शकते, मग तुझ्यावर काऊन नाही?"

ती फुगून भिंतीकडे गेली. मी पाण्याच्या ड्रममागे बसले, गुडघा कटकन वाजला आणि पहिली मीच सापडले. मग फुगलेलं तोंडही हसलं.

खेळ संपल्यावर मी तिला बाजूला बसवलं. "रोज एकटीनंच शोधायचं, तिला कसं वाटत असेल?"

"ती तर हसते, आंटी." मग म्हणाली, "रडली असती तर मला समजलं असतं."

ती खोटं बोलत नव्हती. "मग हसली तरी विचारत जा," मी म्हटलं.

थोडे दिवस सरळ गेले. मग एका संध्याकाळी तिनं पुन्हा तो शब्द वाढवला. मी पायरीवरच होते, उठणार, तेवढ्यात लेकीचा आवाज आला, "तो शब्द नाही मोजायचा. पुन्हा मोज." आणखी दोघीतिघी म्हणाल्या, "हो, पुन्हा."

मोठीनं पुन्हा मोजलं. राज्य समोरच्या घरातल्या चिमुरडीवर आलं. लहान म्हणून तिला कुणी आजवर राज्य दिलंच नव्हतं. ती आनंदानं भिंतीकडे पळाली, डोळे झाकले आणि आकडे म्हणू लागली. दहाच्या पुढे तिला येत नव्हते, म्हणून दरवेळी पुन्हा एकपासून. आमची लेक माझ्या पाठीमागे लपून कुजबुजली, "आई, हलू नको."