एका शब्दापाशी पंचेचाळीस मिनिटे

नऊ ऑगस्ट. पाच माणसे.

दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी नाल्याचा कठडा फुटला आणि रस्त्याकडेच्या एका तळघरात पाणी शिरले. तिथे शिवणकामाचा कारखाना होता. एकवीस जण कामावर होते, जिना एकच होता, सोळा जण वर आले. चौकशीच्या अहवालाने उरलेल्या पाचांचा निकाल एका वाक्यात लावला: अतिवृष्टीचा इशारा दोन वाजून दहा मिनिटांनी देण्यात आला होता, परंतु मुकादमाने त्याकडे दुर्लक्ष केले.

हे वाक्य खरे का नाही, हे नेमके एकाच व्यक्तीला ठाऊक होते. हवामान कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत ती भाषांतराचे काम करीत असे. वय चौपन्न. लग्न केलेले नव्हते. आईवडील गेल्यावर भावाच्या घरून ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आली, तेव्हा सामान जेमतेम एका हातगाडीत मावले. त्यातही अर्धी खोकी कार्डांची होती. कार्यालयात तिचे नावच कार्डताई पडले होते.

तिचे काम सांगायला सोपे. वरिष्ठ केंद्राकडून इंग्रजी इशारा येई, तो ती आपल्या भाषेत उतरवी. टंकलेखक तो टंकून रेडिओ केंद्राकडे पाठवी आणि तिथे तो हाती पडताच वाचला जाई. या कामाला आठ-दहा मिनिटे पुरत. पण सव्वीस वर्षांत पावसाचा एकही इंग्रजी शब्द तिने डोळे मिटून हाताखालून जाऊ दिला नाही. प्रत्येकासाठी एक कार्ड: शब्द कुठून आला, कुणाच्या तोंडून आला, वाटेत त्याने काय टाकले, काय उचलले. मॉन्सून हा शब्द इंग्रजांना पोर्तुगीज खलाशांकडून मिळाला, खलाशांना अरबांकडून, आणि अरबीत त्याचा अर्थ नुसता ऋतू, म्हणजे आपल्या मोसमाचाच तो सख्खा भाऊ. अम्ब्रेला पावसाची म्हणून मिरवते, पण तिच्या पोटात सावलीचा लॅटिन शब्द आहे. ती जन्मली उन्हासाठी. रेन चेक हे अमेरिकेतल्या चेंडूफळीच्या तिकिटाचे अर्धुक. पावसाने सामना बुडाला, की ते दाखवून पुन्हा कधीतरी येता येई. पुढे कुणाचे आमंत्रण गोड बोलून लांबणीवर टाकायलाही तोच शब्द वापरू लागले. इंग्रजांकडे पाऊस कुत्र्यामांजरांचा का पडतो, याची सात कारणे तिने एका कार्डावर उतरून घेतली होती आणि पुरावा न मिळाल्याने सातही तांबड्या शाईने खोडली होती. गवताच्या छपरावरून जनावरे घसरून पडत, ही कथा तर तिने दोनदा खोडली होती.

"काय कार्डताई," टंकलेखक सकाळी विचारी, "आज कुत्री-मांजरं पडणार, की चिमण्यांवरच भागतंय?"

"तुझी बोटं यंत्रावर पडली तरी पुष्कळ झालं."

दिवसभरातले कामाबाहेरचे बोलणे बहुधा एवढेच. ही कार्डे कधी कुणी वाचायला मागितली नाहीत. भावाला फोन केला, की तो म्हणे, "अगं, या आठवड्यात जरा गडबड आहे. पुढच्या रविवारी नक्की येतो." रेन चेकचे कार्ड लिहिताना तिला उदाहरण शोधावे लागले नव्हते.

नऊ तारखेच्या इशाऱ्यात पावसाला टॉरेन्शियल हे विशेषण होते. हा शब्द मोठा विलक्षण. तो ज्या लॅटिन धातूपासून निघाला त्याचा अर्थ भाजणे, होरपळणे. तिथून उकळते पाणी, मग खवळलेला ओढा, अशा वाटेने तो पावसापाशी पोचला. त्याच्यापुढे ती नेहमी मुसळधार लिही. त्या दिवशी लेखणी थांबली. मागल्या महिन्यात हा शब्द तिने अकरा वेळा लिहिला होता. अकरा वेळा ऐकलेल्या शब्दाने माणूस जागचा हलेल, असे तिला वाटेना. इशारा ऐकून कुणी उठत नसेल, तर तो दिला असे तरी कसे म्हणायचे? प्रश्न रास्त होता, आणि तो विचारायची वेळ साफ चुकीची होती. ती उठून खोक्यांपाशी गेली. दोन शब्द लिहून तिने खोडले, तिसरा जुना वाटला. शेवटी तिने विशेषणाचा नाद सोडला आणि मूळ इंग्रजीत नसलेले वाक्य लिहिले: "तळघरात असाल तर आत्ता वर या." कागद टंकलेखकाच्या हातात दिला तेव्हा दोन पंचावन्न झाले होते.

कार्यालयाचा एक रिवाज होता. इंग्रजी प्रत आणि भाषांतर ही जोडी पुढे जुळवता यावी म्हणून भाषांतरावरही मूळ प्रतीचीच वेळ मारीत. टंकलेखकाने रिवाजाप्रमाणे शिक्का मारला: दोन दहा. चौकशी समितीने तो शिक्का पाहिला. रेडिओ केंद्राची नोंदवही मागवावी, असे कुणाच्या मनात आले नाही. रेडिओ चालू होता, पण इशारा लागलाच नाही, असे मुकादम पुनःपुन्हा सांगत राहिला. एकीकडे शिक्का आणि दुसरीकडे कामगाराचा शब्द असला, की आपल्या व्यवस्थेला विचार करावा लागत नाही.

ती साहेबांकडे गेली.

"साहेब, नऊ तारखेचा कागद माझ्यापाशी पंचेचाळीस मिनिटं होता."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, शिक्का दोन दहाचा आहे."

"तो इंग्रजी प्रतीचा. आपण नेहमी तोच मारतो."

"म्हणजे नेहमीसारखंच झालं ना? मग झालं तर." त्यांचा आवाज मऊ झाला. "तुमचं ते तळघराचं वाक्य मी नमुना म्हणून वर पाठवलंय. कौतुक झालं त्याचं. उगाच नसतं अंगावर ओढून घेऊ नका."

ते मनाने चांगले गृहस्थ होते. तिला धीर द्यायला ते दारापर्यंत आले. त्या महिन्यात तिच्याशी कुणी इतक्या मायेने बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिने मुकादमाचे घर शोधून काढले. दार त्याच्या बायकोने उघडले. तो भिंतीशी बसला होता.

"पेपरवाल्या का तुम्ही?"

"नाही. रेडिओवरचा हवामानाचा इशारा मी लिहिते."

"अस्सं. तो ऐकला नाही म्हणून खडसवायला आलात? रांग मोठी आहे बाई, शेवटी उभ्या राहा."

"तुम्ही ऐकला नाहीत, कारण तो लागलाच नव्हता. दोन दहाला माझ्याकडे आला. मी पंचावन्नला सोडला."

"तेवढा वेळ काय करत होतात?"

"शब्द शोधत होते."

"ऐकलंस का गं?" तो बायकोला म्हणाला. "शब्द शोधत होत्या."

"मुसळधार म्हटलं तर कुणी उठणार नाही, असं वाटलं मला."

"मी उठलो असतो." आवाज चढवायचीही त्याने तसदी घेतली नाही. "दर वेळी उठायचो. या हंगामात कामाच्या वेळेत चारदा इशारा लागला, चारदा सगळ्यांना वर नेलं. चारही वेळा काही झालं नाही. शिलाईवाल्या टिंगल करायच्या, मुकादमाला पाण्याचा बागुलबुवा दिसतो म्हणून. मालकानं झापलं ते वेगळंच. तरी पाचव्यांदा नेलं असतं."

शब्द झिजला म्हणजे ऐकणाराही झिजला, हे ती धरून चालली होती. ऐकणाऱ्याला विचारायचे तिला सव्वीस वर्षांत सुचले नव्हते.

"मी समितीला लिहून देते," ती म्हणाली.

"द्या. पण आधी त्या पाच घरी जाऊन सांगा. मी दिसलो, की तोंड फिरवतात ती माणसं. गेलेल्यांतल्या दोघी माझ्या हाताखाली शिकलेल्या होत्या."

निघताना त्याच्या बायकोने पाणी पुढे केले. ते तिने उभ्यानेच घेतले.

समितीला तिने दीड पानाचे निवेदन दिले आणि रेडिओ केंद्राची नोंदवही तपासण्याची विनंती केली. महिन्याने उत्तर आले: आपल्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे, अहवाल सादर झालेला असल्याने त्यात बदल करता येणार नाही. साहेब तिच्याशी कामापुरते बोलू लागले. टंकलेखकाची सकाळची थट्टा बंद झाली, कारण शिक्का त्याच्या हातचा होता आणि त्याला धास्ती वाटू लागली होती.

पहिल्या घरी म्हातारे वडील एकटेच होते. त्यांनी तिला बसायला सांगितले, सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मुकादम खोटं बोलत नव्हता?"

"नाही."

"माझा थोरला त्याच्या अंगावर धावून गेला होता हो," म्हातारा म्हणाला. दुसऱ्या घरी तिचे बोलणे उंबऱ्याबाहेर उभ्यानेच झाले. दार हळूच लागले. आतून एका बाईचा आवाज आला, "आता सांगून काय उपयोग?" तिसऱ्या घराच्या कोपऱ्यापर्यंत ती दोन रविवार गेली आणि परत आली.

अहवालातले वाक्य आहे तसेच आहे. मुकादमाला कुणी काम दिलेले नाही. तीन घरांना सांगायचे राहिले आहे.