नळीतून गेलेली साखर

पंजाब पेटला होता तेव्हा मी चंडीगडच्या एका अतिदक्षता विभागात साताऱ्याची अक्कल पाजळत होते. शिकाऊ डॉक्टर, पण तोरा काय विचारता!

एका बस कंडक्टरच्या पोटात गोळ्या लागल्या होत्या. ऑपरेशन होऊन जीव वाचला, पण श्वास मशीनवर. नाकातल्या नळीतून द्यायचं दूध तेव्हा आमच्याकडे नातेवाईकच थर्मासमधून आणत. त्याची म्हातारी आई डेराबस्सीहून यायची. संचारबंदी लागली आणि आठवडाभर तिला शहरात येताच आलं नाही. आमच्या स्वयंपाकघरातली पाणचट पेज तेवढी त्याच्या पोटात गेली. हातापायांच्या काड्या झाल्या. उपासमारीत श्वासाचे स्नायूही असेच झिजतात, हे मला पाठ होतं.

म्हणून म्हातारी आल्या आल्या मी फर्मान सोडलं, "माताजी, दूध में चीनी डालो. खूब डालो. ग्लुकोज भी." किती, ते सांगितलं नाही. कागदावर तर काहीच लिहिलं नाही. तिने इतकी घातली की नळी चिकट व्हायची. मी खूश!

स्वतः श्वास घेतो का ते पाहायला मशीन काढलं की तो अर्ध्या तासात घामाघूम होऊन धापा टाकायचा. साखर फार झाली की शरीरात कार्बन डायऑक्साइडही जास्त तयार होतो आणि तो बाहेर टाकायला जास्त श्वास लागतो. हे मात्र मला पाठ नव्हतं.

तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा विभागाच्या मोठ्या सरांनी थर्मासमधलं दूध चाखलं आणि भडकले. "ये शरबत किसने बनवाया?"

मी चार्ट चाळू लागले. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्या वॉर्डासमोर, शेजारी उभ्या सुनेसमोर हात जोडून म्हणाली, "मेरी गलती है जी. मैंने अपने आप डाली."

सरांनी तिची पार सालटी काढली. नंतर व्हरांड्यात मला गाठून ती हळूच म्हणाली, तुमचं नाव नाही घेतलं डाक्टर जी, आता माझ्या मुलाकडे नीट लक्ष द्या. नाव घेतलं तर मी त्याच्यावर सूड उगवीन, असं वाटलं होतं तिला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि सुटल्यासारखंही वाटलं. खरं सांगते, सुटल्यासारखंच जास्त.

साखर कमी केली, पण मशीनवरचे दिवस वाढले होते. फुफ्फुसांत संसर्ग शिरला आणि पाचव्या दिवशी सकाळी तो गेला.

सून आडवी आली. सासूला प्रेताला हात लावू देईना. हिनेच मारलं, हिनेच, म्हणून किंचाळत होती. म्हातारीने फक्त माझ्याकडे पाहिलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते सोडून मी सुनेला म्हटलं, "इन्हें बाहर ले जाइए."