गाळण्याची वरची बाजू

पाणी गाळून पिणाऱ्या घरात नारू कसा निघाला, या एकाच प्रश्नाचे उत्तर मला शोधायचे होते. उत्तर सोपे निघाले. घरात जाऊन गाळणे पाहायला मला वर्ष लागले, याची लाज मात्र अजून गेलेली नाही.

पोलीस अ‍ॅक्शननंतर मास्तर झालेल्या पिढीतला मी. देवगाव रंगारीच्या बाजूला एका खेड्यात शिकवत होतो. गाव बारवेचे पाणी पीत असे. पायऱ्या उतरून, पाण्यात उभे राहून घागर भरावी लागे. एका उन्हाळ्यात आरोग्याच्या कचेरीतून फलक आला: ‘नारू टाळा. पाणी दुहेरी कापडातून गाळून प्या.’ तो गावाला वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. मी शब्दन् शब्द वाचला. गाळायचे कशासाठी, ते फलकावर नव्हते. म्हणून मीही सांगितले नाही.

नारूचा जंत पाण्यावाटे अंगात शिरल्यापासून पायातून बाहेर पडेपर्यंत साधारण वर्ष जाते. पुढच्या उन्हाळ्यात एका धनगर बाईच्या मुलीच्या घोट्यातून तो निघाला. तपासणीला आलेल्या साहेबाने घर पाहिले नाही, घागर पाहिली नाही. बारवेवर उभ्या उभ्याच ‘गाळत नाहीत’ असे वहीत लिहिले आणि चारचौघांत वाचून दाखवले. बाहेर पडणारा नारू पाण्यात बीज सोडतो, म्हणून मुलीने पाण्यात उतरू नये, हे योग्यच होते. गावाने आईलाही पायऱ्या बंद केल्या. मेंढरांत राहून मेंढरावानीच पाणी पिती, असे पाटलांच्या घरची एक बाई म्हणाली आणि बाकीच्या हसल्या.

मी चौकशीला गेलो, तेव्हा त्या आईने मला बसही म्हटले नाही.

“तुम्ही वाचलं गुरुजी, अन् आम्ही ऐकलं. एक खेप चुकले नाय. आता लेकीचा पाय बघा अन् जा.”

गाळून दाखवा, अशी मी विनंती केली. तिने रिकाम्या घागरीच्या तोंडावरचे ओले कापड उचलले, उलटे केले आणि पुन्हा घातले. उलटे का, असे मी विचारले.

“मघाची बाजू मळली नाय का? तीच वर ठेवू व्हय? दर खेपेला पालटून घालते.”

नारूचे बीज पोटात बाळगणारे बारीक जीव कापडाच्या वरच्या बाजूला अडकतात. ओले कापड उलटवले, की पुढचे पाणी त्यांना धुऊन सरळ घागरीत नेते. तिची चूक स्वच्छतेपोटी झाली होती. पुढे विचारत गेलो, तर पाटलांच्या घरीही हीच रीत निघाली.

मी कचेरीला लिहिले: कापडाच्या एका बाजूला खूण करून तीच बाजू कायम वर ठेवावी, एवढी ओळ वाढवा. उत्तर आले की मजकूर मंजूर आहे, बदल होणार नाही. सूचना न पाळणाऱ्यांची नावे कळवावीत. मी माझे एकट्याचे नाव कळवले.

मग त्याच फलकाखाली, सगळ्या बायांसमोर, मी पाण्यात ज्वारीचा कोंडा कालवून ते गाळले. कापड उलटवून वरून स्वच्छ पाणी ओतले. खालच्या घागरीत कोंडा तरंगला. कोणी हसले नाही, त्या आईची माफीही कोणी मागितली नाही. ती घागर घेऊन माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरली. तिला कोणी अडवले नाही.

माझ्या शब्दावर विसंबू नका. एकदा मी फलकावरही विसंबलो होतो. मूठभर कोंडा, दोन भांडी आणि एक कापड घ्या, आणि स्वतः करून पाहा.