डब्यातला मिलिंद

मिलिंद गेल्याचं त्याच्या बायकोनेच, शुभदाने, फोन करून सांगितलं तेव्हा मी बोळिंजच्या बाजारात वालाच्या शेंगा निवडत होते. फोन ठेवल्यावरही किती तरी वेळ निवडतच राहिले. लग्नाचं शूटिंग आटोपून तो पहाटे घरी आला, आडवा झाला तो उठलाच नाही... एवढंच. आता महिना होत आला, पण अजून खरं वाटत नाही.

आमचा सिनेमा तुम्ही पाहिलेला नाही, याची मला खात्री आहे. कुणीच पाहिलेला नाही. दूरच्या भविष्यातला एक यंत्रमानव कालयानात बसून प्राचीन सोपाऱ्याच्या बंदरात जातो आणि हसायला शिकून परत येतो, अशी गोष्ट. मिलिंद दिग्दर्शक, मी त्यातली शास्त्रज्ञ, आणि कालयान म्हणजे त्याच्या मावशीचा बंद पडलेला फ्रिज. यंत्रमानवाचा पोशाख पापडी गावातल्या एका पत्रेवाल्याने तेलाच्या डब्यांपासून केला. माप कुणाचं घ्यायचं? समोर मिलिंद उभा होता, त्याचंच घेतलं. मग ठरलेला उंचापुरा नट आला तो खांद्यापाशीच अडकला. "आता मीच बसतो डब्यात," मिलिंद म्हणाला. "लोणचं समजा." डबे पायांना पुरले नाहीत, म्हणून खाली चंदेरी रंगवलेला पायजमा. आतून तो 'कट' म्हणायचा ते विहिरीतून आल्यासारखं ऐकू यायचं.

पोशाख नवा, चकचकीत होता, म्हणून भविष्यातले प्रसंग आधी उरकले. प्राचीन काळ मागे ठेवला, तेव्हा गंजलेला पत्रा शोभेल म्हणून! पण शूटिंग व्हायचं लग्नसराई नसलेल्या रविवारी, त्यात वर्षं गेली, आणि तोवर आमच्या मागची भातशेती जाऊन तिथे इमारती उभ्या राहिल्या. त्यामुळे आमच्या भविष्यात हिरवीगार शेतं आणि बगळे आहेत, आणि प्राचीन सोपाऱ्यात बाल्कन्यांमधून वाळणारे कपडे. मी वैतागले होते. "अरे, प्राचीन काळात एसी?"

"असू दे गं," तो म्हणाला. "शेतं पुढे येणार आहेत, असं कुणी तरी म्हणायला हवं ना." तेव्हा मी हसले होते.

गेल्या आठवड्यात शुभदाने बोलावलं. "फोटो ढीगभर आहेत गं, पण मला तो हलता-चालता बघायचाय." जन्मभर दुसऱ्यांचे व्हिडिओ काढणारा माणूस; घरच्या प्रत्येक व्हिडिओतही कॅमेरा त्याच्याच हातात. मग तिला सिनेमा आठवला. तिच्या लेकीने टीव्हीला पेनड्राइव्ह जोडून दिला आणि आम्ही दोघी बसलो. प्रत्येक प्रसंगात तो होता, आणि कुठेच नव्हता. पत्र्याला दोन भोकं, त्यामागे अंधार. आवाजसुद्धा दुसऱ्याचा, स्वतःचा त्याने घेतलाच नव्हता, यंत्र इतकं मऊ बोलत नाही म्हणे. मला वाटलं, हे बघायला नको होतं... बंद करूया म्हणून मी रिमोट उचलला.

पडद्यावर यंत्रमानव शेताच्या बांधावर कालयानाची वाट बघत उभा होता. अतिशय लांबलेला प्रसंग. मध्येच त्याने उजवा पाय उचलला आणि डाव्या पोटरीवर हळूच घासला.

"थांब! मागे घे," शुभदा ओरडली. मी मागे घेतलं. पुन्हा तोच पाय, तीच पोटरी.

"डास असेल गं," मी म्हटलं.

"डास कसला! चहा उकळेपर्यंत गॅसपाशी रोज असाच उभा राहायचा. मी ओरडायचे, पायजमा झिजतो म्हणून." ती उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली. रडत होती, आणि हसतही होती. त्या पत्र्याच्या माणसाकडे बघून, घरात नेहमी बोलतात तशा आवाजात म्हणाली, "अरे, बस की जरा. किती वेळ उभा राहशील?"