गल्लीतून गेलेली रेघ

मी ड्राफ्ट्समन. गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात मशीनच्या भागांची ड्रॉइंगं काढण्यात जन्म गेला, आता रिटायर आहे. वडील नागपूरहून सरकारी नोकरीत इथं आले, तेव्हापासून आम्ही भोपाळचेच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी.

शहरातल्या वॉर्डांच्या सीमा नव्यानं आखायचं निघालं, तेव्हा आमच्या मराठी मंडळानं अर्ज करायचं ठरवलं. आपली घरं वेगवेगळ्या वॉर्डांत विखुरलेली, कुठलाच पार्षद, म्हणजे नगरसेवक, आपल्याला भीक घालत नाही. सगळी एका वॉर्डात आली तर निदान ऐकून तरी घेईल. "आपण थोडे आहोत, थोड्यांनी एकत्रच राहायला हवं," असं सभेत मीच म्हणालो. टाळ्या पडल्या. नकाशा काढायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. बायको म्हणाली, "घ्या, पेन्सिलीला काम मिळालं! आता जेवायला चारदा हाका माराव्या लागणार."

काय सुबक नकाशा काढला होता, सांगू! आमच्या कॉलनीमागं मुसलमानांची जुनी बस्ती आहे. एक सीमा मी बस्तीतल्या गल्लीतून नेली, कारण गल्ली सरळ होती. दुसरी नाल्याच्या काठानं नेली. बस्तीचे तीन तुकडे होतायत हे मला दिसलं नाही. खोटं कशाला बोलू, दिसलं होतं. पण त्याचं काही वाटलं नाही.

कच्चा आराखडा जाहीर झाला, त्यात आमचीच रेघ. मंडळात पेढे वाटले. त्याच आठवड्यात माझा कारखान्यातला जुना सोबती दारात उभा राहिला. तो फिटर होता, माझ्या ड्रॉइंगांवरून त्यानं वर्षानुवर्षं काम केलेलं. राहायला त्याच बस्तीत. त्याची सून शिकलेली, धडाडीची. बस्तीच्या नळासाठी तिनंच कचेरीच्या चकरा मारल्या होत्या. आपलं माणूस निवडून आणता येईल एवढी मतं बस्तीत होती, आणि या खेपेला सगळ्यांनी मिळून तिलाच उभं करायचं ठरवलं होतं. आता प्रत्येक वॉर्डात थोडी थोडी माणसं, म्हणजे कुठंच कुणी नाही.

"आपत्ति लगानी है," तो म्हणाला, म्हणजे आराखड्यावर हरकत घ्यायची होती. "नक्शा तुम बना दो. तुम्हारे जैसा हाथ और किसका है?"

अहो, तिथंच सांगून टाकायचं होतं! पण मी नुसतं हो म्हणालो. बायकोनं चहा ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेली.

दोन दिवस बसून मी दुसरा नकाशा काढला. सीमा बस्तीच्या पलीकडून नेली. लाजेची गोष्ट ही, की तशी नेली तरी आमचं एकही मराठी घर वॉर्डाबाहेर जात नव्हतं. मला वाटलं, गुपचूप निस्तरता येईल.

सुनावणीला त्याच्यासोबत गेलो. अधिकाऱ्यानं दोन्ही नकाशे शेजारी शेजारी पसरले. ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात आपली आद्याक्षरं टाकायची, ही आमच्या धंद्यातली शिस्त. हाताला इतकी सवय, की मी ती दोन्हींवर टाकली होती.

"दोनों आपने बनाए?" अधिकाऱ्यानं विचारलं. मी हो म्हणालो. "फिर सही कौन-सा मानें?"

"दूसरा."

"तो पहला बनाते समय सो रहे थे क्या?"

खोलीत हशा पिकला. एकाच माणसानं दोन्हीकडून नकाशे दिलेत म्हणून हरकत फेटाळली गेली. सोबती कागदाच्या त्या कोपऱ्याकडे बघत राहिला. बाहेर जिन्यात तो एवढंच म्हणाला, "पहले बोल देते, भाई. तुम्हारे मंडल को ही साथ ले आते." त्यानं शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. मंडळ आलं असतं का? कोण जाणे. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

सून तरीही एका तुकड्यातून उभी राहिली. मतदानाच्या दिवशी मी बस्तीत गेलो. म्हटलं, यादीत नावं शोधून द्यायला तरी उपयोगी पडू. सोबती बस म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही. मी त्याच्या शेजारी बाकावर टेकलो. दुपारी गल्लीच्या समोरच्या बाजूची एक म्हातारी मत देऊन परतली ती कावरीबावरी होऊन.

"बाबूजी, मशीन में बहू का नाम ही नहीं था. मैं तो उसी के लिए गई थी."

मी समजावलं, की तुमचा वॉर्ड आता वेगळा झालाय, तिचं नाव गल्लीच्या या बाजूच्या लोकांनाच आहे. तिनं गल्लीकडे बघितलं. चार पावलांची गल्ली.

"ऐसा किसने किया?"

"मैंने," मी म्हणालो.

सोबत्यानं मान वर केली नाही. म्हातारी मात्र हसली. तिला वाटलं, बाबूजी थट्टा करतायत.